जळगाव: २० फुटी कॉलनी रस्ता, गेटसमोर शेजाऱ्याची पिकअप. नेमकं काय करता येतं?

पिंप्राळाकर (जळगाव)

राम राम मंडळी. पिंप्राळा शिवारातली जुनी एनए (बिनशेती) कॉलनी आहे. लेआउटप्रमाणे रस्ता ६ मीटर. आमचं गेट १० फुटी, आत एक छोटी कार. समोरच्या घरी एक कार आणि एक पिकअप. त्यांच्या पोर्चची खोली झाल्यामुळे दोन्ही गाड्या रस्त्यावर असतात. कार त्यांच्या भिंतीला लागून, त्याचं काही नाही. पिकअप मात्र कधी आमच्या गेटच्या बरोबर समोर, तर कधी आमच्याच बाजूला गेटच्या दोन फूट आत सरकवून. आमच्या कंपाउंडजवळ कडुनिंब आहे, त्यामुळे मार्च ते जून सगळ्या गल्लीचा डोळा त्या सावलीवर.

सांगायला गेलं की एकच उत्तर: "रस्ता कोन्हा बापना शे का?" घरच्यांनी जागा धरायला चुना लावलेले दोन दगड आणि सिमेंट भरलेला एक ड्रम ठेवलाय. आता ते म्हणतात की तुमचा ड्रमच बेकायदा आहे, आम्हीच महापालिकेत जातो.

विचारायचं ते असं: घरासमोरची जागा आपली असते का? तक्रार पोलिसांत की महापालिकेत? ड्रम ठेवता येतो का? समोरचे नाना वयानं मोठे, सुखदुःखात येणारे, रोज तोंड पाहायचं आहे. संबंध तोडायचे नाहीत, पण सकाळी गाडी निघाली पाहिजे.

---

टेप_आणि_नकाशा (जळगाव)

भाऊ, भांडण "जागा कोणाची" यावर आहे तोवर मिटणार नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर दोघांच्याही विरोधात जातं. घरासमोरचा रस्ता ना तुमचा, ना त्यांचा. तुमच्या कंपाउंडला लागून असली तरी ती जागा सार्वजनिक आहे. तुमचा हक्क आहे तो गेटमधून रस्त्यावर ये-जा करण्याचा, आणि तो पक्का आहे. म्हणून बोलणं "माझ्या घरासमोर लावू नका" असं न करता "माझ्या गेटची वाट आणि गल्लीची मोकळी रुंदी सोडा" असं करा. पहिल्या वाक्याला कायद्याचा आधार नाही, दुसऱ्याला आहे.

आता टेप घ्या. तीन मापं लागतील: कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत, डांबराची किंवा काँक्रीटची प्रत्यक्ष रुंदी, आणि दोन्ही बाजूंचे ओटे, पायऱ्या, रॅम्प किती बाहेर आले आहेत ते. आपल्याकडच्या जुन्या कॉलन्यांत ६ मीटरचा रस्ता कागदावरच ६ मीटर असतो. दोन्हीकडून अडीच-अडीच फूट रॅम्प आले की साडेचार मीटर उरतो. पिकअप साधारण १.७ ते १.८ मीटर रुंद, आरसे आणि भिंतीपासूनचं अंतर धरून २ मीटर खाते. उरले अडीच मीटर. ॲम्ब्युलन्स साधारण २ मीटर रुंद असते, ती कशीबशी जाईल. अग्निशमनाचा बंब अडीच मीटरच्या आसपास, तो जाणार नाही. पाण्याचा टँकर वळणावर अडकेल.

रस्ता पूर्ण ६ मीटर मोकळा असला तरी हिशोब असाच येतो: एका बाजूला गाड्या लावल्या तर ४ मीटर उरतात, दोन्ही बाजूंना लावल्या तर २. म्हणजे २० फुटी रस्त्यावर पार्किंग एकाच बाजूला होऊ शकतं. ९ मीटरच्या रस्त्यावर दोन्हीकडे लावून ५ मीटर उरतात, तिथे ही भांडणं तुलनेनं कमी. हा हिशोब कागदावर लिहून नानांसमोर ठेवा. वयाच्या माणसाला "तुम्ही चुकता" म्हटलेलं लागतं, माप लागत नाही.

गेटचं गणित वेगळं आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात. काटकोनात उभी असलेली कार एका दमात बाहेर काढून वळवायची तर समोर साधारण साडेपाच ते सहा मीटर मोकळं लागतं. म्हणून समोरच्या भिंतीला, त्यांच्याच बाजूला, अगदी शिस्तीत लावलेली पिकअपसुद्धा तुम्हाला अडवते, आणि त्यांना मात्र खरंच वाटतं की आपण काहीच अडवलेलं नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. यावर तीन उपाय:

पहिला फुकटचा. पिकअप गेटच्या मध्यरेषेपासून बाजूला सरकवायची. तुम्ही ज्या दिशेला वळता त्या दिशेला गेटच्या खांबापासून पुढे निदान दीड ते दोन मीटर समोरची जागा रिकामी हवी. विरुद्ध दिशेला खांबाच्या रेषेपर्यंत गाडी आली तरी चालते. एकदा गाडी काढून बघा आणि चाक जिथे अडतं तिथे खडूनं खूण करा.

दुसरा तुमच्या हातातला. गेट १० फुटांचं १२ ते १३ फूट करा. गेट रुंद झालं की गाडी आतूनच थोडी तिरकी निघते आणि समोरची गरज बरीच कमी होते. सरकतं गेट बसवायचं तर बाजूची भिंत तेवढीच लांब सरळ हवी, नाहीतर आत उघडणाऱ्या दोन झडपा. बाहेर रस्त्यावर उघडणारं गेट करू नका, उघडताना ती झडपच रस्ता अडवते आणि उलट तक्रारीला निमित्त मिळतं.

तिसरा, खांबाचा कोपरा. चौकोनी खांबाचा रस्त्याकडचा कोपरा ४५ अंशांत फूटभर कापला तरी मागच्या चाकाला बरीच जागा मिळते. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे, मात्र गेटचा बिजागर त्या कोपऱ्यावर असेल तर आधी तो आत घ्यावा लागेल.

आणि तुमचा स्वतःचा रॅम्प आधी मोजा. आतली फरशी रस्त्यापेक्षा ४५ सेंटिमीटर उंच असेल आणि उतार एकास आठ धरला तर रॅम्प ३.६ मीटर लांब होतो. तो प्लॉटच्या हद्दीत बसवायचा असतो. आत जागा नसल्यामुळे लोक तो गटारीवर ओढतात, गटार तुंबते, आणि सफाईला जेसीबी आला की पहिला तोच उखडतो.

---

बाजारसमिती_गेट२ (चोपडा)

पिकअप भाड्याची की स्वतःच्या मालाची, रात्री किती वाजता निघते आणि किती वाजता येते, हे आधी विचारा. भाजीपाल्याच्या किंवा केळीच्या फेऱ्या असल्या तर गाडी पहाटे तीन-चारला निघते. तिला नेमकी ती जागा का लागते याची कारणं ठरलेली असतात: एकट्या ड्रायव्हरला रिव्हर्स न घेता सरळ निघायचं असतं, नाहीतर मागचा माल, ताडपत्री, बॅटरी घरातून दिसत राहावी असं वाटतं. बॅटरी आणि डिझेलची चोरी हे गाडीवाल्याचं खरं भय आहे. समोरच्या ओट्यावर दिवा आणि कॅमेरा लावला तर गाडी ५० फूट पुढच्या कोपऱ्यात लावायला बरेच जण तयार होतात. कॅमेरा मात्र गल्लीकडे असावा, कोणाच्या दारा-खिडकीत डोकावणारा नको.

वेळा जुळत असतील तर प्रश्न अर्धा सुटतो. तुमची कार सकाळी साडेनऊला निघत असेल आणि पिकअप पहाटेच गेलेली असेल, तर भांडण फक्त संध्याकाळचं उरतं.

---

कलम_आणि_पोच (भुसावळ)

वरच्या मापाच्या सल्ल्याशी शंभर टक्के सहमत. कायद्याची बाजू क्रमानं सांगतो.

आधी ड्रम आणि दगड. ते आजच उचला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३० प्रमाणे रस्त्यावर अडथळा होईल अशी वस्तू परवानगीशिवाय ठेवता येत नाही, आणि कलम २३१ खाली आयुक्तांना ती नोटीस न देताही हटवता येते. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांना हाच कायदा लागू आहे. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार इथे नगरपरिषद, म्हणून तिथे १९६५ चा नगरपरिषद कायदा, पण अडथळ्याबाबत रोख तोच. रात्री त्या ड्रमवर दुचाकी आदळली तर पार्किंगचं भांडण बाजूला राहून तुमच्यावर अपघाताची जबाबदारी येते. साखळी, कुंड्यांची रांग, सळई रोवलेला टायर, सगळ्याला हेच लागू. "नो पार्किंग" ची पाटी गेटवर लावायला हरकत नाही, विनंती म्हणून तिचा उपयोग होतो. पण खाजगी पाटीनं तो भाग कायद्यानं प्रतिबंधित होत नाही. त्यासाठी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११६ खाली अधिकृत चिन्ह लागतं.

आता त्यांची पिकअप. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ मध्ये पार्किंग कुठे करू नये याची यादी आहे. मालमत्तेच्या प्रवेशद्वारासमोर, फूटपाथवर, उभ्या असलेल्या दुसऱ्या वाहनाच्या शेजारी किंवा समोरासमोर, आणि इतर वाहनांना अडथळा वा कोणाला गैरसोय होईल अशा रीतीनं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे गेटच्या दोन फूट आत घुसलेली गाडी सरळ सरळ नियमभंग. समोरच्या बाजूची गाडी "अडथळा" या शब्दात बसवावी लागते, आणि तिथे मापाचा कागद कामाला येतो.

दंड किती? मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० रुपये. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक वाटेवर अडथळा केला तर ५,००० रुपयांपर्यंत. जुन्या दंड संहितेचं २८३ ते हेच, तिथे दंड फक्त २०० रुपये होता. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता लागू आहे, म्हणून अर्जात जुनी कलमं लिहू नका. ठाण्यातला अंमलदार तेवढ्यावरून अर्ज बाजूला ठेवत नाही, पण नवीन कलम दिसलं की काम लवकर हलतं.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ चा उल्लेख इंटरनेटवर फार असतो: सार्वजनिक जागी १० तासांपेक्षा जास्त बेवारस उभी केलेली किंवा मनाई असलेल्या ठिकाणी लावलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो. हे कलम चाकं बसलेल्या, धूळ खात पडलेल्या गाड्यांसाठी चांगलं आहे. रोज फिरणाऱ्या पिकअपवर ते चालवायला जाऊ नका, उपयोग नाही.

काय अजिबात करायचं नाही: हवा सोडणं, काचेवर चिकटपट्टी, ओरखडा, वायपर वाकवणं. न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली ते नुकसान केल्याचा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि नुकसान २० हजारांच्या वर गेलं की शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. साखळीनं किंवा खाजगी लॉकनं दुसऱ्याची गाडी जखडणंही तसंच अंगाशी येतं. मुद्दाम आपली गाडी त्यांच्या गाडीला आडवी लावून "आता काढ" म्हणणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग. त्यात तुम्हीच अडथळा करणारे होता, आणि कलम १२६ खाली बेकायदा अटकावाची तक्रार उलटी येते.

तक्रारीचा क्रम असा ठेवा.

प्रत्यक्ष अडकलात, गाडी निघत नाही, आजारी माणूस न्यायचा आहे, तर ११२. फोन केल्याची नोंद राहते, बीटवरचा अंमलदार येतो, बहुतेक वेळा गाडी तिथल्या तिथे हलते. रोजच्या कुरबुरीसाठी ११२ वापरू नका.

रोजच्या त्रासाला लेखी अर्ज शहर वाहतूक शाखेकडे, प्रत तुमच्या पोलीस ठाण्याला. ओटा, रॅम्प आणि पोर्चची खोली हा विषय महापालिकेचा: रस्त्यावरच्या भागासाठी अतिक्रमण विभाग, पोर्चसाठी नगररचना विभाग. दोन्ही एका अर्जात कालवू नका, अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

शिवीगाळ, धमकी झाली तर अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे एनसीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. पण तारीखवार नोंद तयार होते. दोन्हीकडून एनसी झाल्या की ठाण्यातून शांतता राखण्याचं प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे जातं, ज्याला आपल्याकडे चॅप्टर केस म्हणतात, आणि मग दोन्ही घरांना हमीपत्रासाठी चकरा. म्हणून खरोखर धमकी असेल तरच तिकडे जा.

संपूर्ण गल्लीची वाट अडत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यांना सार्वजनिक वाटेवरचा अडथळा हटवण्याचा सशर्त आदेश देता येतो. एकट्या दोन घरांच्या वादात तो मार्ग टिकत नाही, निदान सात-आठ घरांच्या सह्या लागतात.

दिवाणी दावा शेवटचा. त्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या. कोर्ट फी नाही, समोरच्याला नोटीस जाते, लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. नातं टिकवायचं असेल तर माझ्या मते हीच जागा योग्य, कारण तिथे कोणी आरोपी नसतं.

---

पिंप्राळाकर

फार उपयोगी. ड्रम-दगड आज संध्याकाळी उचलतो. दोन शंका. अर्ज नेमका कसा लिहायचा? आणि फोटो कोणत्या पद्धतीनं काढले म्हणजे ग्राह्य धरतात?

---

कलम_आणि_पोच

फोटो आधी. गाडीचा जवळून फोटो निरुपयोगी असतो, त्यात अडथळा दिसत नाही. तीन फोटो हवेत. एक, गल्लीच्या टोकावरून, दोन्ही बाजूंची कंपाउंडं आणि मधली गाडी दिसेल असा. दोन, गेटच्या आत उभं राहून बाहेर, म्हणजे तुमच्या गाडीला जे दिसतं ते. तीन, नंबरप्लेट आणि गेटचा खांब एकाच चौकटीत, खाली टेप पसरलेली. तारीख-वेळ आणि ठिकाण छापणारं कॅमेरा ॲप वापरा, पण मूळ फाइलही ठेवा, ती व्हॉट्सॲपवरून पाठवली की बारीक होते आणि आतली माहिती निघून जाते. वेगवेगळ्या दिवसांचे, एकाच जागेवरून काढलेले फोटो असावेत. एकाच दिवसाचे वीस फोटो दिले तर तो एकच प्रसंग ठरतो. माणसांचे चेहरे, घरातल्या बायका-मुलं चौकटीत येऊ देऊ नका. त्यावरून नवं भांडण उभं राहतं, आणि ते जास्त कडू असतं.

वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवरूनही नियमभंगाचा फोटो पाठवता येतो. चालान मालकाच्या नावे जातं, तुम्हाला समोर जावं लागत नाही. मात्र एकदा तोंडी आणि एकदा लेखी सांगून झाल्याशिवाय हे करू नका. गल्लीत चालान कोणी केलं हे दोन दिवसांत कळतं.

अर्जाचा मसुदा असा ठेवा:

"प्रति, मा. पोलीस निरीक्षक, शहर वाहतूक शाखा, जळगाव. विषय: निवासी प्रवेशद्वारासमोर वाहन उभे करून होणारा अडथळा दूर करण्याबाबत. महोदय, मी अमुक कॉलनी, गट क्रमांक अमुक, प्लॉट क्रमांक अमुक येथे राहतो. घरासमोरील रस्ता मंजूर लेआउटनुसार ६ मीटर असून प्रत्यक्ष वापरातील रुंदी अमुक मीटर आहे. वाहन क्रमांक एमएच १९ अमुक हे दिनांक अमुक, अमुक व अमुक रोजी अमुक ते अमुक या वेळेत माझ्या प्रवेशद्वारासमोर उभे होते. त्यामुळे माझे वाहन बाहेर काढता आले नाही व रस्त्याची मोकळी रुंदी अमुक मीटर उरली. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनास वाट राहत नाही. सोबत छायाचित्रे व मापांचा कच्चा नकाशा जोडला आहे. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ नुसार संबंधितांस समज देऊन प्रवेशद्वार व रस्ता मोकळा ठेवण्याबाबत कार्यवाही व्हावी, ही विनंती."

यात "समज देऊन" हे दोन शब्द मुद्दाम आहेत. पहिल्या अर्जात कारवाई मागितली की समोरचा वकील गाठतो. समज मागितली की अंमलदार दोघांना बोलावतो, चहा होतो, आणि निम्मे वाद तिथेच मिटतात. अर्जात पोर्च, ओटा, जुनी देणीघेणी, मुलाचं लग्न काहीही आणू नका. एक पान. तीन प्रती: एक वाहतूक शाखेला, एक ठाण्याला, तिसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

---

देवपूरचा_आप्पा (धुळे)

एका घराचं भांडण सोडवून पुढच्या वर्षी दुसरं उभं राहतं, म्हणून गल्लीचं मिळून करा. सम-विषम तारखेची पद्धत २० फुटी रस्त्याला बसते: सम तारखेला उत्तरेकडची बाजू, विषम तारखेला दक्षिणेकडची. नियम ठरवताना पुढच्या गोष्टी सोडल्या की महिन्याभरात मोडतो.

बदलाची वेळ रात्री बारा ठेवू नका, कोणी उठून गाडी हलवत नाही. सकाळी ९ ठेवा. ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम. त्या दिवशी बाजू बदलत नाही हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर दर वेळी वाद. ज्या बाजूला विजेचे खांब, डीपी, पाण्याच्या व्हॉल्वचे चेंबर आहेत तिथे गाडीची जागा धरूच नका. पाणी सोडणारा कर्मचारी आला आणि चेंबरवर गाडी उभी असली तर सगळ्या गल्लीचं पाणी अडतं, आणि एक दिवसाआड पाणी येणाऱ्या भागात लोक ते माफ करत नाहीत. गल्लीचा कोपरा दोन्ही बाजूंनी निदान ५ मीटर रिकामा, नाहीतर घंटागाडी वळत नाही आणि कचरा तिथेच राहतो. प्रत्येक गेटसमोरची वाट दोन्ही तारखांना मोकळी.

तारखेची पद्धत जमत नसेल तर कायमची एक बाजू ठरवा आणि ज्यांच्या बाजूला गाड्या लागतात त्यांना काहीतरी परत द्या. उदाहरणार्थ त्यांच्या घरच्या कार्याच्या दिवशी सगळी बाजू त्यांना रिकामी. हे ऐकायला लहान वाटतं, पण लग्नसराईत मांडव रस्त्यावर येतो तेव्हा कळतं. मांडवाला महापालिका आणि पोलिसांची परवानगी लागतेच, शिवाय गल्लीच्या ग्रुपवर चार दिवस आधी सांगायचं आणि पायी चालायला व रुग्णाला न्यायला निदान एका बाजूनं वाट ठेवायची.

ठरल्याचा कागद करा. प्रत्येक घराची सही, गाड्यांचे नंबर, फोन. त्याला कायद्याचं बळ नाही, पण पुढे तक्रार झालीच तर "ठरलं होतं" एवढं दाखवता येतं. आणि पाहुण्यांच्या गाड्यांसाठी एक जागा मोकळी सोडा, बहुतेक ठिणग्या पाहुण्यांच्या गाड्यांवरूनच पडतात.

सावलीचं म्हणाल तर निंब तोडायचा किंवा एका बाजूनं छाटायचा विचार कोणाच्याही डोक्यात येऊ देऊ नका. १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय शहरातलं झाड तोडता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. त्या सावलीत कार नव्हे, दुचाकी लावाव्यात असं माझं ठाम मत. एका कारच्या जागेत पाच दुचाकी बसतात आणि पाच घरं खूश राहतात. कारला झाकण पुरतं.

---

रावेर_फाटा (रावेर तालुका)

गावठाणात हे शहरासारखं चालत नाही. तिथे कार नसते, ट्रॅक्टर, ट्रॉली, पेरणीयंत्र आणि कापणीच्या दिवसांत केळीचा ट्रक असतो. ट्रॉली जोडणी काढून रस्त्यावर उभी केली की ती हलवायला पुन्हा ट्रॅक्टरच लागतो, शेजाऱ्याला ती ढकलता येत नाही. म्हणून गावात पहिला नियम हाच करा: सुटी ट्रॉली गल्लीत नाही, खळ्यात किंवा गावाबाहेर. तिच्या दांडीला रात्री दुचाकीवाले धडकतात. मागे लाल परावर्तक पट्टी लावायचीच.

तक्रार ग्रामपंचायतीकडे. २००७ पासूनची तंटामुक्त गाव मोहीम आहे, तुमच्या गावची समिती चालू असेल तर तिच्यासमोर नेणं ठाण्यापेक्षा बरं. तडजोड लेखी करून दोघांच्या सह्या आणि समितीच्या वहीत नोंद घ्या. नुसतं हातात हात देऊन मिटलेलं पुढच्या हंगामात उकरून निघतं.

---

टेप_आणि_नकाशा

आप्पांच्या सम-विषमला एक पुरवणी. गल्लीत आपसात ठरवायला कोणाची परवानगी नको, पण रस्त्यावर रंगाचे पट्टे मारायचे किंवा पाटी रोवायची तर नको तो उद्योग होतो. रस्ता महापालिकेचा आहे, पट्ट्यासाठी बांधकाम विभागाची परवानगी लागते. आणि बाहेरच्यांनाही बंधनकारक व्हावं असं हवं असेल तर अधिसूचना लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून ती जिल्हाधिकाऱ्यांकडून, पोलीस अधीक्षकांच्या प्रस्तावावर निघते. एका गल्लीसाठी ते होत नाही, मोठ्या रस्त्यासाठी होतं.

लेआउटमधल्या ओपन स्पेसमध्ये गाड्या लावा असा सल्ला कोणीतरी देईलच. मोठ्या लेआउटमध्ये किमान १० टक्के जागा मोकळी सोडलेली असते ती मुलं-म्हाताऱ्यांसाठी. तिथे एकदा गाड्या शिरल्या की पुन्हा निघत नाहीत. कृपया तसं करू नका.

पोर्चच्या खोलीबद्दल: मंजूर नकाशात ती जागा पार्किंग म्हणून दाखवली असेल तर तिचा वापर बदलणं हा परवानगीचा भंग आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका कारला २.५ बाय ५ मीटर जागा धरलेली आहे. घर त्याआधीचं असेल तर त्या वेळचा मंजूर नकाशाच बघावा लागेल. हा मुद्दा हातचा राखून ठेवा, आधी वापरू नका. खोली पाडायची भीती घातलेला माणूस गाडी हलवत नाही, अडून बसतो.

---

पिंप्राळाकर

काल टेप लावली. कंपाउंड ते कंपाउंड ५.८, वापरातला रस्ता ४.६. आमचाही रॅम्प ४० सेंटिमीटर बाहेर आहे, तो आत घेतो. लेआउटचा नकाशा कुठून मिळेल?

---

टेप_आणि_नकाशा

५.८ आलं म्हणजे कुठल्यातरी कंपाउंडनं २० सेंटिमीटर खाल्लेत, पण त्यावर आत्ता जाऊ नका.

नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात. आधी साध्या अर्जानं प्रत मागा, गट क्रमांक आणि लेआउट मंजुरीचं साल दिलं तर शोधायला सोपं जातं. ते सातबारा किंवा एनए आदेशाच्या प्रतीवर मिळतं. मिळाली नाही तर माहिती अधिकार: जोडपत्र "अ" चा नमुना, जन माहिती अधिकारी, नगररचना विभाग यांच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एकच विषय. दोन विषय घातले की अर्ज परत येतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मागणीत "मंजूर रेखांकनाची साक्षांकित प्रत" असंच लिहा, आणि रस्त्याची रुंदी नकाशावर वाचता येत नसेल तर मंजुरी आदेशाची प्रतही त्याच अर्जात मागा, तो विषय एकच धरला जातो.